पुण्याचा गेंडा न्यू हेवनमध्ये

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाचं 'सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट' आहे. लुई कान या वास्तुरचनाकाराने आखलेली आणि १९७७ मध्ये खुली झालेली त्याची इमारत बाहेरून करडी, अबोल दिसते. आत टर्नर आणि कॉन्स्टेबल आहेत, इंग्लिश उमरावांची घोड्यांवरची चित्रं आहेत, आणि त्यांच्याच संगतीत पुण्याचा एक गेंडाही आहे. १७९० मधला हा गेंडा पेशव्यांच्या शिकारखान्यातला. चित्रकाराचं नाव गंगाराम चिंतामण तांबट.

गंगाराम तांबट पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स वॉर मॅलेट याच्यासाठी काम करत होता. मॅलेट १७८६ ते १७९७ या काळात पेशव्यांच्या दरबारी होता, म्हणजे त्यातला बहुतेक काळ सवाई माधवराव गादीवर आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. वेरूळच्या लेण्यांची मापं घेऊन ती कागदावर उतरवायचं कामही मॅलेटने तांबटावर सोपवलं. वेरूळच्या रेखाटनांच्या इतिहासात हा पुणेकर अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी आहे. आपल्या शालेय पुस्तकांत मात्र त्याचं नाव भेटत नाही.

आता या गेंड्याच्या चित्रापुढे कलेतिहासाचा विद्यार्थी बसवा. त्याला पडणारे प्रश्न आपल्यापेक्षा वेगळे असतात. कागद कुठला? उजेडात धरला तर जलचिन्ह दिसतं का? शाई देशी की विलायती? धातू घडवणाऱ्या घराण्यातल्या या माणसाला छायाप्रकाश कुणी शिकवला? त्याने तो जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराकडून उचलला असेल, असं चटकन वाटतं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं प्रसिद्ध चित्र वेल्सचंच. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे आणि त्याची छापील प्रत प्रत्येक मराठी माणसाने कुठे ना कुठे पाहिलेली असते. पण वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये, आणि गेंडा त्याच्या आधीचा. मग तांबटाचा गुरू कोण? की गुरू नव्हताच, मॅलेटच्या संग्रहातली इंग्लिश छापचित्रं बघून त्याने हात बसवला? एका तारखेने सोपं उत्तर खोटं ठरतं आणि खरं काम सुरू होतं. परदेशातल्या पदव्युत्तर कलेतिहासाच्या वर्गात शिकवतात ते हे.

हॉली शॅफर या अमेरिकन अभ्यासिकेने येलमध्ये पीएच.डी. करताना या विषयात उडी घेतली. पश्चिम भारतातल्या मराठे-इंग्रज काळातल्या कलेवरचं तिचं 'ग्राफ्टेड आर्ट्स' हे पुस्तक २०२२ मध्ये आलं. ते वाचताना आनंद होतो आणि पाठोपाठ हळहळ वाटते. आनंद अशासाठी, की आपल्या शहराच्या अठराव्या शतकातल्या चित्रकारांकडे कुणीतरी इतक्या गांभीर्याने पाहिलं. हळहळ अशासाठी, की तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या, मोडी वाचणाऱ्या एखाद्या मुलीला हा विषय आपला आहे हे कुणी सांगितलंच नाही.

हा लेख अशा मुलीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी आहे.

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चित्रकला शिकायला अमेरिकेला कशाला? कलेतिहास म्हणजे चित्रकला नव्हे. हातात ब्रश धरायची गरज नाही. धरला असेल तर उपयोग होतो, एवढंच. मूर्ती, चित्र, लेणं, भांडं, कापड, नकाशा, छायाचित्र अशा माणसाने घडवलेल्या वस्तूला पुरावा मानून भूतकाळ वाचायचा, असं हे शास्त्र. इतिहासकार कागद वाचतो, कलेतिहासकाराला कागद आणि वस्तू दोन्ही वाचावी लागतात. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर ते का जुळलं नाही, हेही शोधावं लागतं.

वस्तू वाचायला शिकणं सावकाश होतं. हार्वर्डमध्ये अमेरिकन कला शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना संग्रहालयात पाठवतात आणि एकाच चित्रापुढे तीन तास बसायला सांगतात. फोन नाही, पुस्तक नाही, फक्त डोळे आणि वही. त्यांनी स्वतः बॉस्टनमधल्या जॉन कॉप्लीच्या १७६५ च्या चित्रावर हा प्रयोग केला. एक मुलगा, त्याच्या हातात साखळी आणि साखळीला बांधलेली खार, असं ते चित्र आहे. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या झालरीचा आकार एकच आहे, हे लक्षात यायला आपल्याला नऊ मिनिटं लागली, असं त्यांनी लिहिलं आहे. मुरलेल्या प्राध्यापिकेला नऊ मिनिटं! आपण अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे किती वेळ उभे राहतो? तिथे रखवालदार पुढे सरकायला सांगतो, मागची रांग ढकलते, हे खरं. पण रांग नसती तरी आपल्याला इतका वेळ बघायची सवय कुणी लावलेली नसते.

अजिंठ्याकडे असं वर्षानुवर्षं बघणारा माणूस होता वॉल्टर स्पिंक. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात त्यांनी शिकवलं आणि २०१९ मध्ये ते वारले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी फर्दापूर-अजिंठ्यात काढला. पर्यटक भिंतीवरची राजकन्या बघत असताना स्पिंक दरवाज्याची खोबण बघत असत. लाकडी दाराची खुंटी दगडात कशी बसवली होती, कोणत्या लेण्यात जुन्या पद्धतीची खोबण आहे, कुठे नवी, कुठे कारागिरांनी जुनी बुजवून नवी केली, यावरून लेण्यांचा क्रम लावायचा. कुठलं गर्भगृह अर्धवट सोडलं, कुठे घाईघाईने एखादी बुद्धमूर्ती कोरून उरकलं, याचीही त्यांनी नोंद ठेवली. त्यातून त्यांनी असा सिद्धान्त मांडला, की अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्यातली जवळपास सगळी भव्य लेणी वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, इ.स. ४६० ते ४८० च्या आसपासच्या वीसेक वर्षांत कोरली गेली. त्याआधी हे काम शतकानुशतकं चाललं असं मानलं जाई. सगळ्या अभ्यासकांना स्पिंक यांची मांडणी मान्य नाही. म्युनिकचे डीटर श्लिंगलॉफ आणि नेदरलँड्सचे हान्स बाकर यांनी त्यातल्या अनेक दुव्यांवर प्रश्न उभे केले. वाद अजून चालू आहे आणि तो वाद वाचणं हे या विषयाचं उत्तम शिक्षण आहे.

या अमेरिकन मांडणीखाली नागपूरचा पाया आहे, हे फार कमी मराठी लोकांना ठाऊक असतं. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा सोळाव्या लेण्यातला शिलालेख आणि वाकाटकांचे ताम्रपट यांचं साक्षेपी संपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केलं; त्यांचा वाकाटक लेखांचा इंग्रजी खंड १९६३ चा. दंडीच्या 'दशकुमारचरिता'तली विश्रुताची गोष्ट ही वाकाटकांच्या पडत्या काळाची छाया असावी, हा तर्क आधी मिराशींचा. स्पिंक यांनी तो उचलला आणि साम्राज्य कोसळलं म्हणून लेणी अर्धवट राहिली, या आपल्या कथनाचा कणा केला. देवगड तालुक्यात जन्मलेला संस्कृतचा पंडित नागपुरात बसून ताम्रपट वाचतो आणि त्याच्या वाचनावर ॲन आर्बरमधला प्राध्यापक लेण्यांचा कालक्रम उभारतो. ज्ञान असं इकडून तिकडे जात असतं. सध्या मात्र त्याचा ओघ फार एकतर्फी झाला आहे, आणि तो दुतर्फी करायचा तर आपली मुलं तिथे गेली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

ती जातात, तेव्हा काय होतं?

अमेरिकेत बहुतेक विद्यार्थी एम.ए.ऐवजी थेट पीएच.डी.साठी अर्ज करतात. अभ्यासक्रम पाच ते सात वर्षांचा असतो. पहिली दोन वर्षं सेमिनार. दहा-बारा जण टेबलाभोवती बसतात, आठवड्याला शेकडो पानं वाचून येतात, आणि प्राध्यापक स्वतः फारसं बोलत नाहीत. आपल्याकडे वर्गात गप्प बसणं हा सद्गुण. तिथे गप्प बसलेल्या विद्यार्थ्याने वाचलंच नाही असं धरतात. सांगली जिल्ह्यातून गेलेली एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "पहिलं सत्र मी फक्त वाक्य जुळवत बसायचे. जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा." दुसऱ्या सत्रात तिने कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या दानलेखांबद्दल, खांब कुणी कुठून येऊन दिले याबद्दल बोलायला सुरुवात केली. धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेल्या खांबांचं ऐकून टेबल शांत झालं. ती लेणी तिने शाळेच्या सहलीपासून पाहिलेली होती. बाकीच्यांनी ती फक्त पुस्तकात पाहिली होती.

सेमिनारनंतर येतात 'कॉम्प्स', म्हणजे सर्वंकष परीक्षा. तीन-चार क्षेत्रं ठरवायची, प्रत्येकाची लांबलचक ग्रंथयादी संपवायची आणि समितीपुढे बसायचं. त्यात काही मुलं खचतात. त्या पार पडल्या की प्रबंधाचा आराखडा, मग क्षेत्राभ्यासाचं वर्ष, मग लेखन. चांगल्या विद्यापीठात फी माफ असते आणि स्टायपेंड मिळतो. त्या बदल्यात काही सत्रं पदवीच्या मुलांना शिकवावं लागतं. अर्ज बहुधा डिसेंबरात जातात, उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि निर्णय साधारण १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. अर्जात सगळ्यांत जड कागद असतो तो 'रायटिंग सॅम्पल', स्वतः लिहिलेला वीसेक पानांचा शोधनिबंध. आपल्या विद्यापीठांतली मुलं इथे अडतात, कारण पदवीपर्यंत त्यांच्याकडून कुणी असा निबंध लिहूनच घेतलेला नसतो. ज्याला जायचं आहे त्याने दोन वर्षं आधीपासून एका मूर्तीवर, एका वाड्याच्या भित्तिचित्रांवर, एका लेण्यावर काम सुरू करावं. मेणवलीला जावं, वाईला जावं. विषय घराजवळ असला तर निबंधात जिवंतपणा येतो.

आणि भाषा. युरोपीय कलेचा विद्यार्थी असो की आशियाई, जर्मन आणि फ्रेंच वाचता येणं बहुतेक ठिकाणी अपेक्षित असतं. शब्दकोश घेऊन उतारा भाषांतरित करायची परीक्षा असते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत कोणती जातककथा कुठे रंगवली आहे, याचं श्लिंगलॉफ यांचं मूळ काम जर्मनमध्ये आहे. दक्षिण आशियावर काम करायचं तर वर संस्कृत, पाली, फारसी यांपैकी काही. मराठवाड्यातल्या मंदिरांवर किंवा पेशवाईवर काम करायचं तर मराठी आणि मोडी. ही शेवटची जोड आपल्या मुलांकडे असू शकते, आणि तिची किंमत तिथे गेल्यावरच कळते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना मराठी शिकायला पुण्यात पाठवते. ते सदाशिव पेठेत खोली घेतात, भाजीवाल्याशी मराठीत बोलायचा सराव करतात, पुढे संतसाहित्य किंवा दप्तरं वाचतात. त्यांच्या या कष्टाबद्दल मला आदर आहे. ज्यांना ही भाषा पाळण्यात मिळाली त्यांनी ती अर्जात 'मातृभाषा' म्हणून एका ओळीत उरकू नये.

इंग्लंडचा हिशेब वेगळा. एम.ए. एका वर्षात आटोपतं. सप्टेंबरात सुरू होतं आणि प्रबंधाचा विषय लवकरच ठरवावा लागतो. फी परदेशी विद्यार्थ्याला बहुधा वीस हजार पौंडांच्या वर, राहण्याखाण्याचा खर्च निराळा. त्या बदल्यात लंडन मिळतं. ब्लूम्सबरीच्या परिसरात पायी फिरत ब्रिटिश म्युझियम, आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासासाठी १९१६ मध्ये स्थापन झालेली 'सोआस' आणि वॉरबर्ग इन्स्टिट्यूट एका दुपारीत गाठता येतात. ब्रिटिश लायब्ररीही लांब नाही. १९३२ मध्ये सुरू झालेलं कोर्टोल्डही लंडनमध्येच आहे, युरोपीय चित्रकलेच्या अभ्यासाचं माहेरघर.

वॉरबर्गबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. अबी वॉरबर्ग हा हॅम्बर्गच्या सावकार घराण्यातला ज्यू विद्वान. त्याने जमवलेलं ग्रंथालय नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ च्या डिसेंबरात दोन बोटींतून लंडनला हलवलं गेलं, सुमारे साठ हजार पुस्तकं. त्या ग्रंथालयाची मांडणी आजही प्रतिमा, शब्द, दिशा आणि कृती अशी चार मजल्यांची आहे. हवं असलेलं पुस्तक सापडतंच, पण शेजारचं पुस्तक जास्त उपयोगी निघतं, अशी ती रचना. पुढे या संस्थेचे संचालक झालेल्या अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांच्या मार्गदर्शनाखाली पार्थ मित्तर या बंगाली विद्यार्थ्याने युरोपियनांनी भारतीय कलेकडे कसं पाहिलं यावर प्रबंध लिहिला. तो १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आला. घारापुरीच्या त्रिमूर्तीपुढे उभे राहिलेले पोर्तुगीज, डच, इंग्रज प्रवासी काय पाहत होते आणि काय पाहू शकत नव्हते, हे त्यात सापडतं. मुंबईच्या बंदरातून तासाभरात दिसणाऱ्या लेण्याबद्दलचं हे ज्ञान लंडनच्या त्या मजल्यांवर घडलं. मुंबईत वाढलेल्या विद्या देहेजिया यांनीही केंब्रिजला जाऊन पश्चिम भारतातल्या बौद्ध लेण्यांच्या कालक्रमावर काम केलं. १९७२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांनी पिढ्या घडवल्या.

जर्मनीत बर्लिनसारख्या ठिकाणी फी जवळजवळ नाही; हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथे युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला पंधराशे युरो भरावे लागतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे बारा हजार युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि बहुतेक शिक्षण जर्मनमधून होतं. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या मुलांची संख्या पाहता या वाटेने फार कमी जण जातात, याचं नवल वाटतं.

लंडनला परत येतो, कारण तिथे आपलं अजिंठा आहे. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला कॅनव्हासवर उतरवत होता. गिल आणि त्याची प्रेयसी पारू यांची कहाणी ना. धों. महानोरांमुळे आपल्या घराघरांत पोचली. गिलच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरातल्या आगीत थोड्याच वाचल्या, बाकी राख झाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यामागून हिवाळे अजिंठ्यात मुक्काम करू लागले. सुमारे तीनशे चित्रं तयार होऊन लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेली. १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि शंभराहून अधिक जळाली. आज त्याच संग्रहालयात, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, दोन्ही संचांतली मिळून १६६ चित्रं उरली आहेत, आणि १९५५ नंतर ती कायमस्वरूपी प्रदर्शनात नाहीत.

या कॅनव्हासांचं मोल नकलेपेक्षा मोठं आहे. अजिंठ्याच्या भिंतीवरून गेल्या दीडशे वर्षांत जे झडलं, ते काही ठिकाणी फक्त या कापडावर शिल्लक आहे. आणि ते कुणाच्या हाताचं आहे? ग्रिफिथ्सचं नाव या चित्रांवरच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे. रंग लावणारे हात पेस्तनजी बोमनजी आणि त्यांच्यासारख्या मुंबईच्या मुलांचे होते. पेस्तनजी पुढे नामवंत चित्रकार झाले, बाकीचे बहुतेक विस्मरणात गेले. गुहेतल्या अंधारात, वटवाघळांच्या वासात, आरशाने आत वळवलेल्या उन्हाच्या तिरिपेत ती मुलं कशी बसली असतील, दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराची रेषा आपल्या मनगटाने फिरवताना त्यांना काय कळलं असेल, आणि नंतरच्या त्यांच्या स्वतंत्र चित्रांत त्याचा काही माग आहे का? हा एक अख्खा प्रबंध आहे. त्यासाठी लंडनचा कॅनव्हास पाहावा लागेल, मुंबईची जुनी कागदपत्रं आणि मराठी-गुजराती नियतकालिकं चाळावी लागतील आणि लेण्यात उभं राहावं लागेल. तिन्ही करू शकेल असा माणूस इथूनच गेलेला असणार.

वस्तूच्या वंशावळीला, ती कुणाच्या हातून कुणाकडे गेली या शोधाला, अलीकडे मोठं महत्त्व आलं आहे. संग्रहालयांत त्यासाठी स्वतंत्र पदं निघू लागली आहेत. मराठी वाचकाला याचं उदाहरण शोधावं लागत नाही. २०२४ च्या जुलैत व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात आली आणि ती पाहायला लोकांनी रांगा लावल्या. ती जेम्स ग्रँट डफच्या वंशजांकडून संग्रहालयाला मिळालेली. डफ १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट होता आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. छत्रपती शिवाजी महाराजांनी अफझलखानाच्या वेळी वापरलेली हीच ती वाघनखं, असं पेटीवरचा मजकूर सांगतो. पण ती पेटी नंतर स्कॉटलंडमध्ये बनवलेली आहे, आणि हे सिद्ध करता येत नाही असं संग्रहालय स्वतःच म्हणतं. इथे टीव्हीवरच्या चर्चा थांबल्या. कलेतिहासाचं काम तिथून सुरू होतं: लोखंडाची घडण, इतर संग्रहांतली वाघनखं, डफच्या घरचे कागद, सातारकर छत्रपतींच्या जामदारखान्याच्या याद्या. महाराजांवरची आपली निष्ठा खरी असेल, तर या कामाला माणसं तयार करणं हा तिचाच भाग आहे.

युरोपच्याच कलेवर काम करावं असं एखाद्याला वाटलं, तर त्यातही काही वावगं नाही. गोव्यातल्या मुलाने फ्लॉरेन्सचा बरोक शिल्पकार जोव्हानी बाप्तिस्ता फोजिनी अभ्यासला, तर त्याला घरी परत यावंच लागेल: जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं संगमरवरी थडगं फोजिनीच्या कार्यशाळेतून आलं, १६९८ मध्ये बसवलं गेलं, आणि त्यावरची चांदीची पेटी त्याच्या साठ वर्षं आधी गोव्याच्या सोनारांनी घडवली होती. टस्कनीचा दगड आणि गोव्याची चांदी एकावर एक उभी आहेत. पोर्तुगीज आणि कोंकणी या दोन्ही भाषा जाणणाऱ्याने या जोडणीवर लिहावं, याची मी वाट पाहतो आहे.

पण जाणार कोण? आज जाणाऱ्यांत शहरी, इंग्रजी शाळेतली, आईवडील डॉक्टर-इंजिनिअर असलेली मुलं जास्त. शिष्यवृत्त्या आहेत: जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून कर्जरूपाने मदत करतं; इनलॅक्स, फेलिक्स, चीव्हनिंग, कॉमनवेल्थ, फुलब्राइट-नेहरू या आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. अशा योजनांत विद्यापीठाचा जागतिक क्रमांक पाहिला जातो, आणि कलेतिहासाच्या छोट्या, विशेष संस्था त्या यादीत बसतीलच असं नाही.

सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीची आहे. ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. २०२२ च्या नियमावलीत एक कलम आलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय घेणाऱ्याला ही शिष्यवृत्ती नाही. म्हणजे तांबट, सुतार, पाथरवट, कुंभार यांच्या मुलीने परदेशी जाऊन दुसरं काहीही शिकावं, पण तिच्या आजोबा-पणजोबांनी जे घडवलं त्यावर सरकारी पैशाने संशोधन करू नये. भारताबद्दल शिकायला परदेशी कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले आणि १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी तिथल्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. त्यांचा एम.ए.चा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार हा होता. आजच्या कलमाने हे दोन्ही विषय बाद ठरले असते. सयाजीराव गायकवाडांनी विषय विचारून पैसे अडवले नाहीत. हे कलम रद्द व्हायला हवं, आणि ते रद्द करा अशी मागणी मराठी साहित्यसंस्थांनी, संग्रहालयांनी, विद्यापीठांनी लावून धरायला हवी. कारागिराच्या घरात वाढलेला डोळा या विषयाला हवा आहे. दगडावरची टाकीची खूण बघून काम उजव्या हाताचं की डाव्या, हे पाथरवटाचा मुलगा जितक्या लवकर सांगेल तितक्या लवकर सेमिनारातलं दुसरं कुणी सांगणार नाही.

इथे राहून शिकता येत नाही का? येतं. पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहासाचा जुना विभाग आहे, मुंबईत ज्ञानप्रवाहचे अभ्यासक्रम आहेत. गो. बं. देगलूरकरांनी मराठवाड्यातली मंदिरं पालथी घातली ती इथेच राहून. ज्याला जायचं आहे त्यानेही आधी इथलं पदरी बांधूनच जावं. तिथे वेळ मिळतो, ग्रंथालय मिळतं, वस्तू हाताशी येते, आणि 'तुझ्या म्हणण्याला पुरावा काय' हे दर आठवड्याला विचारणारी माणसं मिळतात. इथलं शेत मात्र आधी पायाखालून गेलेलं असावं.

नोकरीबद्दल खरं सांगायचं तर प्राध्यापकाच्या कायमच्या जागा अमेरिकेत कमी होत चालल्या आहेत आणि एका जागेला शेकड्याने अर्ज येतात. संग्रहालयं, लिलावगृहं, संवर्धनाच्या प्रयोगशाळा, वस्तूंच्या वंशावळीचा शोध, ग्रंथप्रकाशन इथे माणसं सामावतात. पगार संगणकवाल्यांच्या जवळपासही जात नाहीत, हे आईवडिलांनी आधीच मान्य करावं. मान्य करून ज्यांनी मुलांना पाठवलं, त्यांच्या घरात मी पश्चात्ताप पाहिलेला नाही. काळजी पाहिली आहे, ती असणारच.

एक देणं मात्र परदेशी शिकलेल्यांकडून बहुधा राहून जातं. प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो आणि युरोपातल्या प्रकाशकाकडून निघतो. स्पिंक यांच्या ग्रंथमालेचा एकेक खंड शंभर युरोंच्या पुढे आहे. फर्दापूरच्या शाळेतल्या शिक्षकाने तो कसा घ्यावा? मिराशींनी वाकाटकांवर इंग्रजीत लिहिलं आणि मराठीतही लिहिलं, म्हणून विदर्भातल्या खेड्यातला मास्तर नंदिवर्धन आणि रामटेकबद्दल अधिकाराने बोलू शकला. सांगलीकडची ती विद्यार्थिनी सध्या सुट्ट्यांमध्ये पुण्याला पेशवे दप्तरात येते, मॅलेटच्या काळातले रुमाल सोडते आणि चितारी, तांबट, कासार यांना दिलेल्या रकमांच्या नोंदी उतरवून घेते. प्रबंधाचं एक प्रकरण ती आधी मराठीतच लिहिते आहे, कारण मोडी कागदातले 'बिदागी', 'शिरस्ता', 'आदा' हे शब्द तिला तळटीप न देता वापरायचे आहेत. समितीसाठी त्याचं इंग्रजी नंतर करणार आहे.